डॉक्टर म्हणाले, ‘वारेच्या पेशी आत घुसल्याच नाहीत.’ म्हणजे नक्की काय झालं?

शाळेतली_बाई

नमस्कार. मी कागल तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. राहायला कोल्हापुरात, गंगावेशीजवळ. मुलगी आठ महिन्यांची आहे, आत्ता झोपलीय. उठली तर हे अर्धवट राहील, सांभाळून घ्या.

माझं पहिलं बाळंतपण. सातव्या महिन्यापर्यंत काही म्हणजे काही तक्रार नव्हती. एकोणतिसाव्या आठवड्यात एक दिवस चपलेच्या अंगठ्यात पाय जाईना. मला वाटलं उन्हाळा आहे, दिवसभर वर्गात उभी असते, सुजला असेल. दोन दिवसांनी तपासायला गेले तर बीपी १५०/१००, लघवीत प्रोटीन. तिथूनच दाखल करून घेतलं. प्रीएक्लॅम्प्सिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, बीपीच्या गोळ्या सुरू केल्या, असे अडीच आठवडे काढले. मग एका रात्री बीपी १७०/११०, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे कळ. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम लावलं आणि पहाटे सिझर. ३१ आठवडे ४ दिवस. मुलगी ११८० ग्रॅमची. ३८ दिवस पेटीत होती. आता छान आहे, पालथी पडते, माझे केस ओढते.

वार (प्लासेंटा) तपासणीला पाठवली होती. (त्यावरून सासूबाई अजून नाराज आहेत, घरची वार पुरायची राहिली म्हणून.) रिपोर्ट माझ्या फायलीत आहे. वजन २१० ग्रॅम, आठवड्यांच्या मानाने कमी. इन्फार्क्ट. सिन्सिशियल नॉट्स वाढलेले. बेसल प्लेटमधल्या आर्टरींना स्नायूचा थर टिकून. एका जागी अक्यूट अथेरोसिस. घरी सोडायच्या दिवशी मी विचारलं तर तरुण डॉक्टर जिन्यात उभ्या उभ्या म्हणाले, “वारेच्या पेशी आत घुसल्याच नाहीत नीट.” तेवढ्यात त्यांना फोन आला नि ते गेले.

आठ महिने ते वाक्य डोक्यात फिरतंय. कोणत्या पेशी? कुठे घुसायच्या होत्या? आणि का घुसल्या नाहीत? घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं. सासूबाई म्हणतात सांडगी मिरच्या आणि लोणचं. आई म्हणते स्कूटी. जाऊबाई म्हणतात रात्री जागून पेपर तपासलेस. सासूबाई तेव्हापासून मला अळणीच जेवायला देतात. कुणाला माहीत असेल तर साध्या भाषेत सांगा. मी मराठी आणि परिसर अभ्यास शिकवते, विज्ञानाची पदवी नाही.


आशा_राधानगरी

ताई, मी राधानगरीकडं आशा म्हणून काम करतो. (बाई असून ‘करतो’ म्हणतो, आमच्याकडं असंच बोलतात, हसू नका.) पेशीबिशीचं मला सांगता येणार न्हाई, पण तुमच्यासारख्या पहिलटकरणी मी बघितलेल्या हाईत. एकीला लई सूज होती आणि बीपी नॉर्मल. दुसरीला सूज अजिबात न्हाई, नुसतं डोकं दुखतंय म्हणून घरात निजून होती, तिचं बीपी १६०. तवापासून मी सुजेवर भरवसा ठेवत न्हाई. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथं बीपी आणि लघवीची पट्टी झाल्याबिगर मी कुणाला माघारी आणत न्हाई.

लोणच्याचं खरं असतं तर आमच्या वाडीवर एक बाळंतपण सरळ झालं नसतं.


सूक्ष्मदर्शी

बाई, आधी तुझ्या घरच्यांना उत्तर देते, कारण तुझा खरा प्रश्न तोच दिसतोय. लोणचं नाही, स्कूटी नाही, पेपर नाहीत. डॉक्टर ज्याबद्दल बोलले ते काम साधारण आठव्या ते अठराव्या-विसाव्या आठवड्यात होतं. तुझा पाय चपलेत जाईनासा झाला तेव्हा ते बिघडून दोन-अडीच महिने उलटून गेले होते. सुरुवातीला तर तुला नीट दिवस गेल्याचंही जाणवलं नसेल. आणि मीठ कमी केल्याने किंवा झोपून राहिल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळतो असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच लिहून ठेवलंय की त्यासाठी मीठ तोडायला सांगू नका, सक्तीची विश्रांतीही नको. आशाताईंचं वाक्य मला फार आवडलं.

मी पॅथॉलॉजिस्ट होते. निवृत्त होऊन राजारामपुरीत राहते. आम्ही लोक पेशंट बघत नाही, आम्हाला फॉर्मॅलिनची बरणी दिसते आणि तिच्यावरची चिठ्ठी. माझ्या उमेदीच्या काळात वार कुणी पाठवायचंच नाही, बादलीत जायची. मला त्याचं वाईट वाटायचं. गर्भारपणाच्या नऊ महिन्यांची डायरी असते ती, आणि आपण न वाचता फेकतो. तुझी पाठवली हे चांगलं झालं. पुरायची राहिली त्याबद्दल सासूबाईंना माझ्यातर्फे क्षमा माग.

आता पेशी. गर्भ रुजतो तो फलन झाल्यावर सहा-सात दिवसांनी. तेव्हा तो एक पोकळ गोळा असतो. आतल्या मूठभर पेशींचं बाळ होतं. बाहेरच्या थराला ट्रोफोब्लास्ट म्हणतात, त्याची वार होते. म्हणजे वार ही मुख्यतः बाळाची असते, आईची नाही. पुष्कळ बायकांना हे माहीत नसतं, डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही. त्या पेशी म्हणजे तुझी मुलगीच. तिने तुझ्यात घुसायचं होतं.

या ट्रोफोब्लास्टच्या पुढे दोन वाटा. काही पेशी वारेच्या बोटांसारख्या अंकुरांवर राहतात, एकमेकींत मिसळून एक सलग पापुद्रा करतात. त्याला सिन्सिशियम म्हणतात. आईच्या रक्तात बुडून अन्न आणि ऑक्सिजन घ्यायचं काम त्याचं. काही अंकुर मात्र गर्भपिशवीच्या भिंतीला टेकतात आणि त्यांच्या टोकाला पेशींचे खांब उभे राहतात. डॉक्टर बोलले ते या खांबांबद्दल.

खांबाची मजा अशी, की बुडाशी असलेल्या पेशी विभागत राहतात आणि टोकाकडे सरकणारी पेशी विभागणं थांबवते. वाढणं बंद केल्याशिवाय तिला घुसता येत नाही. मी शिकाऊ असताना हे ऐकून थक्क झाले होते, कारण कॅन्सरच्या पेशी आम्ही रोज बघायचो आणि त्या दोन्ही एकदम करतात. इथे शिस्त आहे. विभागणं थांबलं की पेशी आपले ‘हात’ बदलते. शेजारणीला धरून ठेवणारी प्रथिनं कमी करते, आईच्या ऊतीला धरून पुढे सरकता येईल अशी वाढवते, आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज नावाची विकरं सोडून वाट मोकळी करत जाते. शेवटी तर ती रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींचा वेश घेते. प्रीएक्लॅम्प्सियात हा वेशबदल अपुरा राहतो, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या सुझन फिशर यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवलं. तेव्हा वाढ आणि घुसणं यांच्यातला सांधा निखळतो असं म्हण. पेशी कमी पडतात असं नाही, पुष्कळदा अंकुरांवर विभागणाऱ्या पेशी उलट जास्त दिसतात. त्या पुढच्या इयत्तेत जात नाहीत. तू शिक्षिका आहेस, तुला कळेल.

घुसायचं कुठे? गर्भपिशवीच्या अस्तरात आणि त्याखालच्या स्नायूच्या आतल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. तिथे आईच्या नागमोडी आर्टरी असतात, स्पायरल आर्टरी. एरवी त्यांना स्नायूचा जाड थर असतो, त्या आवळतात, सैल होतात. पाळीच्या वेळी त्या आवळतात म्हणून तर रक्त थांबतं. ट्रोफोब्लास्ट तिथे पोचून तो स्नायू आणि लवचीक तंतू काढून टाकतात, आणि आर्टरीचं तोंड कर्ण्यासारखं रुंद होतं. मग ती आईच्या हुकमाने आवळू शकत नाही. १९७२ मध्ये ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी दाखवलं की प्रीएक्लॅम्प्सियात हा बदल अस्तरातल्या तुकड्यापुरता होतो, स्नायूतल्या तुकड्यात होत नाही. ‘आत घुसल्याच नाहीत’ याचा उगम हा.

तरी तुझ्या डॉक्टरांचं वाक्य थोडं सैल आहे. बाहेर आलेल्या वारेबरोबर गर्भपिशवीचा स्नायू येत नाही. त्यामुळे पेशी किती खोल गेल्या हे बरणीतल्या वारेवरून थेट मोजता येत नाही. तुझ्या रिपोर्टमधल्या माणसाने प्रामाणिकपणे जे दिसलं तेवढंच लिहिलंय. वारेच्या तळाला चिकटून आलेल्या आर्टरींना अजून स्नायू आहे, तो जायला हवा होता. त्यावरून आपण मागचं ओळखतो. पाहुणा येऊन गेला का हे उंबऱ्यावरच्या पावलांवरून ओळखावं तसं. अथेरोसिस म्हणजे त्याच आर्टरीच्या भिंतीत चरबी भरलेल्या फेसाळ पेशी. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला तुकडा. नॉट्स म्हणजे सिन्सिशियमची केंद्रकं गोळा होऊन झालेल्या गाठी, ताण पडल्याची खूण.

आता चहा करते. पुढचं मग लिहीन.


दूधगंगा_काठ

मॅडम, मी ऊसकरी माणूस. बायकोच्या वेळी बीपीचं झालेलं म्हणून हे वाचत बसलो. तोंड रुंद व्हायला लागतं म्हणालात ते आम्हाला शेतात रोज दिसतंय. मोटरचं पाणी पाइपातनं थेट सरीत सोडलं की जिथं धार पडती तिथं खड्डा पडतो, माती धुपून जाती, उसाच्या मुळ्या उघड्या होतात. पाणी कमी न्हवतं, जोर जास्त होता. म्हणून पाइपाच्या तोंडाला पोतं बांधायचं न्हाईतर पाणी आधी दांडात सोडायचं. दांड रुंद, पाणी चालत येतं. तसंच हाय का हे?


सूक्ष्मदर्शी

दूधगंगाकाठचे भाऊ, तुम्ही माझं पुढचं अर्धं उत्तर लिहून टाकलंत!

अगदी तसंच आहे. पूर्वी आम्ही शिकवायचो की वाट अरुंद, म्हणून रक्त कमी, म्हणून वार उपाशी. केंब्रिजच्या ग्रॅहॅम बर्टन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये गणित मांडून दाखवलं की वेग ही मोठी भानगड आहे. आर्टरीचं तोंड रुंद झालं की रक्त अंकुरांत शिरतं ते सेकंदाला सुमारे १० सेंटीमीटरने. नाही झालं तर सेकंदाला एक-दोन मीटरने धार बसते. अंकुर म्हणजे तुमच्या उसाच्या मुळ्या. ते झोडपले जातात, तुटतात, जागोजाग पोकळ्या होतात. सोनोग्राफीत या पोकळ्या कधीकधी दिसतातसुद्धा.

तुमचंच पुढे नेते. स्नायू टिकला म्हणजे आर्टरी अधूनमधून आवळते. म्हणजे मोटर चालू असताना लाइट जावी-यावी तसं. पाणी बंद, परत जोरात चालू. ऑक्सिजन तुटून पुन्हा आला की पेशींना जो मार बसतो तो नुसत्या टंचाईपेक्षा वाईट. वारेतला ऑक्सिडेटिव्ह ताण यातून येतो असं मानतात.

ऑक्सिजनवरून आठवलं, हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. पहिले दहा-बारा आठवडे आईचं रक्त वारेत जवळजवळ येतच नाही. ट्रोफोब्लास्ट आर्टरीच्या तोंडात स्वतःच बूच होऊन बसतात! गर्भ तेवढा काळ गर्भपिशवीच्या ग्रंथींच्या स्रावावर जगतो. तेव्हा तिथला ऑक्सिजनचा दाब २० मिलिमीटरच्या आसपास असतो, बुचं सुटल्यावर तो तिपटीच्या घरात जातो. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे घालतात-काढतात ना, त्याची वेळ ठरलेली असते. चुकीच्या वेळी काढले तर काय होतं ते नदीकाठच्यांना विचारा. प्रयोगशाळेत याच पेशी २ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवल्या तर विभागत राहतात आणि घुसायला शिकत नाहीत, जास्त ऑक्सिजनमध्ये विभागणं थांबवून घुसतात. तेही फिशर यांच्याच गटाचं काम, १९९७ चंच.


पेट्रीडिश

मॅडम, मध्येच बोलते. मी बायोटेकची विद्यार्थिनी आहे, याच विषयावर एम.एस्सी.चं प्रोजेक्ट केलं. घुसणं कसं मोजतात ते सांगू? प्लास्टिकच्या छोट्या पेल्याला खाली बारीक छिद्रांचा पडदा असतो. त्यावर मॅट्रिजेल नावाच्या जेलीचा थर द्यायचा, वर पेशी, खाली पोषक द्रव. एक-दोन दिवसांनी जेली पोखरून जितक्या पेशी पडद्याच्या खालच्या बाजूला आल्या त्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजायच्या. जेली खोलीच्या तापमानाला घट्ट होते, म्हणून पिपेटची टोकंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवायला लागतात. मी एप्रिलमध्ये करत होते, तीनदा वाया गेली, सरांनी पैसे मोजून दाखवले.

पेशी एचटीआर-८ नावाच्या. कॅनडात पहिल्या तिमाहीच्या वारेपासून बनवलेल्या आणि न थांबता विभागतील अशा केलेल्या.


सूक्ष्मदर्शी

शाब्बास. पण मघाशी काय लिहिलं मी? घुसायच्या आधी पेशी विभागणं थांबवते. आणि तू न थांबता विभागणाऱ्या पेशींवर घुसणं मोजतेस. रागावू नकोस, सगळं जग तेच करतं, सोय दुसरी नव्हती. २०१८ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी पहिल्या तिमाहीच्या वारेपासून ऑर्गनॉइड, म्हणजे इवल्या वारेसारखे पेशींचे गोळे, वाढवले तेव्हा जरा बरं साधन हाती आलं. तरी तुझ्या पेल्यात आई नाही.

आणि आईच महत्त्वाची आहे. गर्भपिशवीच्या अस्तरात त्या काळात पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि त्यातल्या बहुतेक एनके पेशी असतात, नॅचरल किलर. नावावर जाऊ नका. इथे त्या मारत नाहीत, ट्रोफोब्लास्टला आत येऊ देतात आणि किती यायचं तेही ठरवतात. ट्रोफोब्लास्टच्या अंगावर एचएलए-सी नावाची खूण असते, त्यातली एक बापाकडून आलेली. आईच्या एनके पेशींवर ती खूण ओळखणारी प्रथिनं (रिसेप्टर) असतात. काही विशिष्ट जोड्या जमल्या तर एनके पेशी गप्प बसतात, मदत करत नाहीत, आणि प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढतो. २००४ मध्ये अ‍ॅश्ली मॉफेट यांच्या गटाने हे दाखवलं. आई निरोगी, बाप निरोगी, दोघांची मिळून आलेली जोडी मात्र अवघड. शाळेतली बाई, सासूबाईंना एवढं सांगायला हरकत नाही की त्या पेशींत अर्धा वाटा त्यांच्या लेकाचा होता. पण भांडणात वापरू नकोस.


शाळेतली_बाई

मॅडम, मी हे दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने, नवऱ्याला. ‘त्या पेशी म्हणजे तुझी मुलगीच’ इथे थांबले होते. मी आठ महिने समजत होते की माझ्या शरीराने तिला आत येऊ दिलं नाही.

पण एक कळलं नाही. बिघाड गर्भपिशवीत, मग माझं बीपी का वाढलं? लघवीत प्रोटीन का? डोळ्यांपुढे काजवे? आणि पुढच्या वेळी पुन्हा होणार का? नवरा म्हणतो एकच बास. मी अजून ठरवलेलं नाही.


सूक्ष्मदर्शी

बरोबर विचारलंस. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे फक्त पेशी न घुसणं नव्हे. असाच उथळपणा बाळ खुरटतं पण आईला काही होत नाही अशा बायकांतही दिसतो. उलट ३४ आठवड्यांनंतर प्रीएक्लॅम्प्सिया होणाऱ्या पुष्कळ जणींची वार तपासली तर ती जवळजवळ ठीक असते, आर्टरीही बदललेल्या असतात. म्हणून तुझी गोष्ट सगळ्यांना लागू करू नका, वाचणाऱ्यांनो. लवकर होणारा आणि उशिरा होणारा, मला तरी हे दोन वेगळे आजार वाटत आलेत, नाव एक पडलं इतकंच.

बीपी का वाढलं? मार बसलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. त्यातला सगळ्यात पक्का सापडलेला म्हणजे एसफ्लिट-१. आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर धड राहायला व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ अशी वाढीची प्रथिनं लागतात. एसफ्लिट-१ ती वाटेतच पकडून ठेवतं. मग अस्तर बिघडतं, वाहिन्या आवळतात, बीपी चढतं. मूत्रपिंडाची गाळणी व्हीईजीएफवर फार अवलंबून, तिच्यातून प्रोटीन गळतं. यकृत दुखावतं, ती तुझी बरगडीखालची कळ. मेंदूच्या आणि डोळ्याच्या वाहिन्या बिघडतात ते काजवे. बोस्टनच्या अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये गाभण उंदरिणींना हेच प्रथिन दिलं तर त्यांचं बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, गाळणीतला बदलही माणसासारखाच. आता एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचं प्रमाण रक्तात मोजून पुढचे काही दिवस सुरक्षित आहेत का ते सांगणारी तपासणीही आहे.

हे सगळं वारेचंच, बाळाचं नाही, याची माझी आवडती साक्ष म्हणजे द्राक्षगर्भ. त्यात बाळच नसतं, नुसते फुगलेले अंकुर द्राक्षाच्या घडासारखे. तरी त्या बाईला प्रीएक्लॅम्प्सिया होतो, तोही विसाव्या आठवड्याच्या आधी. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशी एक बरणी माझ्याकडे आली. चिठ्ठीवर बीपी लिहिलेलं होतं १८०/११०. मी दोनदा वाचलं होतं.

पुढच्या वेळचं. पुन्हा होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे सहा-सातांत एक अशी सांगतात. तुझ्यासारखं लवकर झालेलं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ‘होणारच’ नाही आणि ‘होणार नाही’ही नाही. ठरवलंस तर दिवस राहिल्या राहिल्या पहिल्या भेटीत हा रिपोर्ट टेबलावर ठेव. अ‍ॅस्पिरिनबद्दल विचार. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत धोका जास्त असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं. ३७ आठवड्यांच्या आत बाळंत व्हावं लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया साखरेच्या गोळीवर ४.३ टक्के जणींना झाला, अ‍ॅस्पिरिनवर १.६ टक्के. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करण्यावर जोर का ते तुला आता कळेल, आर्टरींचं काम तेव्हाच चालू असतं. अ‍ॅस्पिरिनने पेशी जास्त खोल जातात असं मात्र सिद्ध नाही, आणि ते आपल्या मनाने घ्यायचं नाही. कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यातही मिळतं, ते चुकवू नकोस. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या आर्टरीचा डॉप्लर बघतात, प्रवाहाला अडथळा किती आहे ते त्यात दिसतं.

आणखी एक, कारण तुझं सिझर झालंय. पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यांवर बसली तर उलटा प्रकार होऊ शकतो. तिथे अस्तर नसतं, अडवणारं कोणी नसतं, पेशी नको तेवढ्या खोल जातात आणि वार सुटत नाही. वार कुठे बसलीय हे सोनोग्राफीवाल्यांना मुद्दाम विचारायचं. घाबरवत नाही, नेहमी होत नाही. पण कमी घुसलं तरी पंचाईत, जास्त घुसलं तरी पंचाईत, हे एकाच बाईच्या दोन बाळंतपणांत मी पाहिलंय.


आशा_राधानगरी

कॅल्शियमच्या गोळ्या बायका घेऊन जातात आणि फडताळात ठेवतात. मी घरी जाऊन पाकीट मोजतो. लई शिव्या खाल्ल्यात.


सूक्ष्मदर्शी

खा शिव्या, मोजत राहा.

शाळेतली बाई, मी एक विचारायचं विसरले, खरं तर पहिलं तेच विचारायला हवं होतं. तुझं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलंस? ज्यांना हे होतं त्यांना पुढे आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, बीपीचा त्याहूनही जास्त. वार गेली म्हणजे आजार गेला, हे आम्हीच पेशंटना सांगत आलो, ते अर्धंच खरं आहे.


शाळेतली_बाई

सहाव्या आठवड्याला टाके दाखवायला गेले तेव्हा मोजलं होतं. गोळ्या बंद केल्या तेव्हा ठीक होतं. त्यानंतर नाही. मुलीची वजनाची वही आहे, माझी कशाचीच नाही.

आज शाळेतून येताना औषधाच्या दुकानात मोजलं. १३८/८८.


सूक्ष्मदर्शी

स्कूटीवरून उतरून लगेच मोजलंस ना? ते धरू नकोस. घरी यंत्र आणा. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मुलगी दुसऱ्याच्या कडेवर. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर. लिहून ठेव. वही घेऊन फिजिशियनकडे जा. लघवीची तपासणीही सांग. त्यांना पहिलं वाक्य ‘मला एकोणतिसाव्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता’ हे सांगायचं, विचारण्याची वाट बघायची नाही.

जेवण अळणी नको, पण सांडगी मिरच्या आता खरंच जरा बेताने.


शाळेतली_बाई

वही केली. मुलीच्याच वजनाच्या वहीत मागून सुरुवात केलीय.

आज सकाळी १३२/८४ आणि १३०/८४. संध्याकाळचं अजून व्हायचंय, ती झोपली की.